ट्रकचा स्टिअरिंग-शाफ्ट बदलल्यावर हातचाक वांकडें कां राहतें?

शेतमालाचा भाव बाजारांत ठरतो हें खरें; परंतु तो माल वेळेवर व धड बाजारांत पोंचणें हें वाहनाच्या हातीं असतें. मुरबाड व शहापूर तालुक्यांतील भेंडी, काकडी व कारलीं आज ट्रकनें किंवा टेंपोनेंच कल्याणच्या बाजार समितीच्या आवारांत जातात. नाहींतर डोंबिवलीच्या बाजूनें कल्याण-शीळ रस्ता धरून, शिळफाटा व महापे यांवरून वाशीच्या घाऊक बाजारांत उतरतात. जुन्नर-ओतूरकडील माल माळशेज घाट उतरून येतो. अशा रस्त्यांवर रात्रीं-अपरात्रीं भरलेली गाडी हांकणाऱ्या माणसाचा जीव ज्या थोड्या वस्तूंवर अवलंबून असतो, त्यांतील एक म्हणजे त्याच्या हातांतील चाक. ज्या सभासद बंधूंची स्वतःची गाडी आहे, त्यांस या चाकाच्या एका नेहमींच्या तक्रारीविषयीं कांहीं उपयुक्त माहिती द्यावी, या हेतूनें प्रस्तुत लेख लिहिला आहे.

ज्यास ड्रायव्हर लोक नुसतें ‘स्टिअरिंग’ म्हणतात, त्यास या लेखांत ‘हातचाक’ म्हटलें आहे. म्हणजे रस्त्यावर फिरणाऱ्या पुढच्या चाकांशीं त्याचा घोटाळा होणार नाहीं.

तक्रार अशी असते. पावसाळ्याचे चार महिने चिखल व खड्डे यांतून गाडी चालली, कीं स्टिअरिंग-शाफ्टचे क्रॉस गंजतात, त्यांतील बेअरिंगें झिजतात, आणि हातचाक फिरवितांना खालून खटखट आवाज येऊं लागतो. मिस्त्री शाफ्ट बदलण्यास सांगतो. शाफ्ट बदलला जातो, आवाज थांबतो. परंतु गाडी सरळ रस्त्यानें सरळ जात असतांनाहि हातचाकाची आडवी दांडी तिरपी दिसूं लागते. मालकानें विचारलें तर तीनपैकीं एक उत्तर मिळतें. पहिलें, ‘गाडी सरळ चालते ना, मग राहूं द्या’. दुसरें, ‘हातचाक काढून सरळ बसवून देतों’. आणि तिसरें, ‘अलाइनमेंट करून घ्या’. यांपैकीं पहिलें उत्तर केव्हांच बरोबर नसतें. दुसरें व तिसरें हीं कधीं बरोबर तर कधीं घातक असतात. आणि तें कशावर ठरतें हेंच मालकानें जाणून घेतलें पाहिजे.

महसुली दप्तराशीं संबंध आलेल्या प्रत्येक खातेदारास ठाऊक आहे, कीं सात-बाराच्या उताऱ्यावरील चूक जर मूळ फेरफाराच्या नोंदींत असेल, तर उताऱ्यावर खाडाखोड करून ती जात नाहीं. उलट एका चुकीच्या दोन होतात. गाडीच्या बाबतींतहि नियम तोच आहे: चूक ज्या सांध्यांत झाली, त्याच सांध्यांत ती सुधारावी, दुसरा सांधा वांकडा करून पहिला झांकूं नये.

भागांची सांखळी

हातचाक एका शाफ्टवर बसलेलें असतें. शाफ्टच्या टोंकास उभ्या रेघांसारखे बारीक दांते असतात. त्यांस कारखान्यांत ‘स्प्लाइन’ म्हणतात. त्या शाफ्टास खालीं क्रॉसच्या सांध्यांनीं दुसरा शाफ्ट जोडलेला असतो, व तो स्टिअरिंग-बॉक्समध्यें जातो. बॉक्समधून बाहेर एक आंस येतो. त्यावर ‘ड्रॉप-आर्म’ नांवाचा लोंबता दांडा असतो. ड्रॉप-आर्मपासून ‘ड्रॅग-लिंक’ नांवाची सळई पुढच्या उजव्या चाकाच्या हातापर्यंत जाते, आणि उजवें चाक व डावें चाक यांस ‘टाय-रॉड’ एकमेकांशीं बांधून ठेवतो. अखंड आंसाच्या बहुतेक मालवाहू गाड्यांत हीच रचना आढळते.

या सांखळींत हातचाकाकडून पुढच्या चाकाकडे जातांना वेग पुष्कळ कमी होतो. बॉक्सचें प्रमाण २० धरलें, तर हातचाक २० अंश फिरल्यावर ड्रॉप-आर्म अवघा १ अंश हलतो. म्हणूनच भरलेल्या गाडीचीं चाकें माणसाच्या हातांनीं वळूं शकतात. आणि म्हणूनच सांखळीच्या खालच्या टोंकाशीं झालेला लहानसा फरक वरच्या टोंकास फार मोठा होऊन दिसतो.

विचारावयाचा पहिला प्रश्न

हातचाक वांकडें आलें, तर मालकानें मिस्त्रीस प्रथम एकच प्रश्न विचारावा: ‘शाफ्ट बदलतांना काय काय सोडलें होतें?’ 

फक्त शाफ्टच सोडला असेल, आणि ड्रॉप-आर्म, ड्रॅग-लिंक व टाय-रॉड यांस हात लागला नसेल, तर बॉक्स व पुढचीं चाकें यांचें नातें पूर्वीं होतें तसेंच राहिलें आहे. म्हणजे चूक शाफ्टच्या दांत्यांतच आहे. नवा शाफ्ट एक, दोन किंवा अधिक दांते पुढें-मागें बसला आहे. अशा वेळीं शाफ्ट किंवा हातचाक योग्य दांत्यावर आणून बसविणें हाच खरा उपाय होय. ड्रॅग-लिंकची लांबी बदलून हातचाक सरळ करणें, हा मात्र चांगल्या सांध्यांत मुद्दाम बिघाड करण्याचा प्रकार आहे.

शाफ्ट काढण्यासाठीं बॉक्सहि उतरविला असेल, व त्यासाठीं ड्रॉप-आर्म सोडला असेल, तर गोष्ट निराळी. ड्रॉप-आर्म व त्याचा आंस यांवर बहुधा जुळणीच्या खुणा असतात. त्या जुळल्या नसतील, तर बॉक्सचा मध्यच सरकलेला असतो. अशा वेळीं हातचाक काढून सरळ बसविलें, तर डोळ्यांस समाधान होतें. परंतु खरी चूक खालीं तशीच राहते आणि आतां ती दाखविणारी खूणहि नाहींशी होते.

शाफ्ट बदलण्यापूर्वींच हातचाक वांकडें होतें, असें ड्रायव्हर सांगत असेल, तर शाफ्टास दोष न देतां टाय-रॉडचे एंड, किंगपिन, वांकलेली सळई, किंवा मागच्या कमानपाट्याचा मधला बोल्ट तुटून सरकलेला मागचा आंस यांची तपासणी करावी. मागचा आंस तिरपा झालेली गाडी सरळ रस्त्यानेंहि खेंकड्यासारखी किंचित् तिरपी चालते, आणि तिला सरळ ठेवण्यास हातचाक वांकडें धरावें लागतें.

बॉक्सच्या मध्याचें महत्त्व

येथें कोणी म्हणेल, कीं गाडी सरळ जाते, हातचाक सरळ दिसतें, मग बॉक्स आंतून मध्यावर असला काय अन् नसला काय? या शंकेचें उत्तर नीट समजून घेण्यासारखें आहे.

मालवाहू गाड्यांच्या बॉक्समध्यें आटे पाडलेला दांडा, त्यावर गोळ्यांच्या साहाय्यानें सरकणारा नट, आणि त्या नटाच्या दांत्यांत अडकलेला दांत्यांचा आंस अशी रचना असते. गाडीचा बहुतेक काळ सरळ जाण्यांत जात असल्यामुळें हे दांते मध्यावर सर्वांत घट्ट बसावेत, व दोन्ही टोंकांकडे किंचित् सैल व्हावेत, अशीच त्यांची घडण केलेली असते. तात्पर्य, गाडी सरळ जात असतां बॉक्स मध्यावर असेल तरच हातचाकास ढिलाई नसते. बॉक्स मध्यापासून सरकला असेल, तर नवा बॉक्ससुद्धां सैल वाटतो. मग मिस्त्री समायोजनाचा स्क्रू आवळून ती ढिलाई घालवूं पाहतो. त्यामुळें खरा मध्य येतांच दांते आवळले जातात, हातचाक जड होतें, वळणानंतर आपोआप सरळ येत नाहीं, व बॉक्स अकालीं झिजतो.

दुसरा परिणाम वळण्याच्या मर्यादेवर होतो. मध्य सरकलेली गाडी एका बाजूस पूर्ण वळते व दुसऱ्या बाजूस कमी वळूं शकते. पॉवर-स्टिअरिंगच्या पुष्कळ बॉक्सांत चाकें टोंकास पोंचण्यापूर्वीं तेलाचा दाब कमी करणारी योजना असते. ती दोन्ही बाजूंस ठराविक ठिकाणीं बसविलेली असल्यामुळें, मध्य सरकल्यावर एका बाजूस ती उशीरां काम करते, आणि पंपाचा सर्व जोर सांध्यांवर येतो. माळशेज घाटांतील किंवा घोडबंदर रस्त्यावरील गायमुख घाटांतील वळणावर समोरून गाडी आली असतां, डावीकडे जितकें वळतें तितकें उजवीकडे वळत नाहीं, हें ड्रायव्हरास प्रथमच कळावें, ही गोष्ट कोणत्याहि मालकास परवडणारी नाहीं.

दुरुस्तीचा क्रम

पुढील काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावें. परंतु क्रम मालकास ठाऊक असावा.

प्रथम गाडी सपाट जागीं उभी करून मागच्या चाकांस दोन्ही बाजूंनीं लांकडी ठोकळे द्यावे. पुढच्या व मागच्या टायरांतील हवा ठराविक दाबाची करावी. पुढचा आंस उचलावयाचा असेल, तर केवळ जॅकवर विसंबूं नये. खालीं मजबूत घोड्या द्याव्या.

नंतर ड्रॅग-लिंक ड्रॉप-आर्मपासून सोडवून बॉक्सचा मध्य शोधावा. लिंक जोडलेली असतांना केलेली मोजणी विश्वासार्ह नसते, कारण त्या वेळीं चाकांच्या आंसावरील अडकणीचे बोल्ट आधींच वळण थांबवितात. इंजिन बंद ठेवून हातचाक एका टोंकापर्यंत सावकाश न्यावें व तेथून दुसऱ्या टोंकापर्यंत फेरे मोजावे. टोंकाशीं चाक आपटूं नये. समजा, एकंदर ५ फेरे झाले. तर टोंकापासून अडीच फेरे परत आल्यावर बॉक्स मध्यावर आला. तेथें बॉक्सच्या आंसावर व आवरणावर रंगाची समोरासमोर खूण करावी.

आतां बॉक्स मध्यावर तसाच ठेवून पुढचीं चाकें सरळ करावीं. ड्रॅग-लिंकचें टोंक ड्रॉप-आर्ममध्यें सहज बसलें, तर खालची सांखळी बरोबर आहे, व चूक केवळ वरच्या दांत्यांत आहे असें समजावें. टोंक बसत नसेल, तर आधीं ड्रॉप-आर्मच्या खुणा पाहाव्या. त्या बरोबर असूनहि बसत नसेल, तरच लिंकची लांबी बदलावी.

शेवटीं हातचाक. येथें थोडा हिशेब उपयोगीं पडतो. शाफ्टवर ३६ दांते असतील, तर एक दांता म्हणजे १० अंश. हातचाकाचा व्यास ४५ सेंटीमीटर धरला, तर परीघ सुमारें १४१ सेंटीमीटर होतो, व एका दांत्याचा फरक कडेवर सुमारें ३·९ सेंटीमीटर दिसतो. म्हणून दांते बदलून हातचाक जास्तींत जास्त अर्ध्या दांत्यापर्यंत, म्हणजे कडेवर सुमारें २ सेंटीमीटरपर्यंत सरळ आणतां येतें. उरलेला फरक घालविण्यास मात्र ड्रॅग-लिंकचा उपयोग करण्यास हरकत नाहीं. ५ अंशांसाठीं ड्रॉप-आर्म पाव अंश हलवावा लागतो. तो २० सेंटीमीटर लांब असेल, तर लिंकची लांबी एका मिलिमीटराहूनहि कमी बदलते. इतक्यानें बॉक्सचा मध्य बिघडत नाहीं. परंतु पाव फेरा वांकडें असलेलें हातचाक याच मार्गानें सरळ केलें, तर लिंक सुमारें दीड सेंटीमीटर लांब किंवा आंखूड करावी लागते. मध्य सरकतो तो सरकतोच, शिवाय आट्यांची पकडहि कमी होण्याचा धोका असतो. या दोन आंकड्यांतील अंतर ध्यानांत ठेवलें, म्हणजे ‘अलाइनमेंट करून घ्या’ हें उत्तर केव्हां मान्य करावें व केव्हां करूं नये, हें मालकास आपोआप कळेल.

हातचाक काढतांना त्याचा नट पूर्ण काढूं नये. चार आटे ठेवून पुलर लावावा, म्हणजे चाक सुटून अंगावर येत नाहीं. मागून हातोड्यानें ठोकणें तर सर्वथा वर्ज्य आहे. त्यानें शाफ्टचीं बेअरिंगें व आवरण यांस इजा पोंचते. ज्या नव्या गाड्यांच्या हातचाकांत हवेची पिशवी किंवा कोन मोजणारें विजेचें यंत्र असतें, त्यांचें काम कंपनीच्या पुस्तकाप्रमाणें, बॅटरी सोडून, त्या कामाची माहिती असलेल्या कारखान्यांतच करावें.

क्रॉसची जुळणी

नवा शाफ्ट बसवितांना आणखी एक चूक होते व ती हातचाकाच्या वांकडेपणाहून लवकर लक्षांत येत नाहीं. क्रॉसचा सांधा कोनांत फिरत असतां एकसारख्या गतीनें फिरत नाहीं. एका फेऱ्यांत दोनदां तो पुढें धांवतो व दोनदां मागें रेंगाळतो. दोन क्रॉस समान कोनांत असले, व मधल्या शाफ्टच्या दोन्ही टोंकांचे काटे एका रेषेंत असले, म्हणजे एकाची चूक दुसरा भरून काढतो. मधला शाफ्ट दोन तुकड्यांचा, एकमेकांत सरकणारा असेल, आणि तो जोडतांना कांहीं दांते इकडचे तिकडे झाले, तर काट्यांची रेषा मोडते. मग हातचाक वळवितांना एकदां हलकें, एकदां जड, असें आलटून-पालटून लागतें. अशी गाडी घाटांत चालवितांना ड्रायव्हर लवकर थकतो. शाफ्ट गाडीखालीं नेण्यापूर्वीं जमिनीवर ठेवून दोन्ही काटे एका रेषेंत आहेत, हें मालकानें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावें. त्यास कारागिरीची गरज नाहीं.

त्याचप्रमाणें काट्याचा आवळणीचा बोल्ट हा शाफ्टवरील खांचेंतून आरपार गेला पाहिजे. शाफ्ट पुरता आंत गेला नसतांनाहि बोल्ट आवळला जाऊं शकतो, व वरून सर्व ठीक दिसतें. परंतु पुढें एखाद्या खड्ड्यांत काटा दांत्यांवरून निसटला, तर हातचाक हातांत फिरत राहतें व गाडी वळत नाहीं. बोल्ट घालण्यापूर्वीं खांच समोर आली कीं नाहीं हें पाहण्यास एक मिनिट पुरतें.

रस्त्यावरील परीक्षा

काम पुरें झाल्यावर गाडी मोकळ्या, सपाट रस्त्यावर मंद गतीनें चालवून पाहावी. आपले रस्ते पाणी वाहून जाण्यासाठीं मध्यें उंच व कडेस उतरते असतात. आपण डाव्या बाजूनें चालतों. त्यामुळें गाडी स्वभावतःच किंचित् डावीकडे ओढ घेते, व ड्रायव्हर हातचाक केसभर उजवीकडे धरतो. हा रस्त्याचा गुण आहे, शाफ्टचा दोष नव्हे. म्हणून शक्यतों सपाट पटांगणांत किंवा रहदारी नसलेल्या सपाट रस्त्यावर, येतांना व जातांना, दोन्ही दिशांनीं परीक्षा करावी. हातचाक वांकडें असून गाडी ओढ घेत नसेल, तर जुळणीची चूक समजावी. ओढ घेत असेल, तर टायरांची हवा, चिकटणारा ब्रेक व चाकांची रेषा तपासावी. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, व एकीचा उपाय दुसरीस लागू पडत नाहीं.

त्यानंतर डावीकडे व उजवीकडे पूर्ण वळवून, दोन्ही बाजूंस चाकांचे अडकणीचे बोल्ट सारखेच टेंकतात कीं नाहीं, टायर कोठें घासतो काय, हें पाहावें. पहिल्या फेरीनंतर सर्व नट पुन्हां एकदां आवळावे व पिना नव्या घालाव्या.

कायदा व नोंदवही

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील ९८ व्या नियमान्वयें हातचाकाची ढिलाई ३० अंशांहून अधिक असतां कामा नये. सांध्यांवर रबरी टोप्या असाव्या, आणि बोल्ट व पिना पक्क्या अडकविलेल्या असाव्या. ४५ सेंटीमीटर व्यासाच्या हातचाकावर ३० अंश म्हणजे कडेवर सुमारें ११·८ सेंटीमीटर. ही शेवटची मर्यादा आहे, समाधानाची नव्हे; सुस्थितींतील गाडींत ढिलाई याहून पुष्कळच कमी असते. एम. एच. ०४ म्हणजे ठाण्याची व एम. एच. ०५ म्हणजे कल्याणची नोंदणी असलेल्या गाड्या योग्यतेच्या दाखल्यासाठीं तपासणीस जातात, त्या वेळींच हें पाहावें असें नसून, प्रत्येक पावसाळ्यानंतर मालकानें तें स्वतः मोजून पाहावें. हातचाकाच्या कडेस खडूची खूण करून, पुढचें चाक हलूं लागेपर्यंत खूण किती सरकते हें पट्टीनें मोजलें, कीं झालें. पॉवर-स्टिअरिंगच्या गाडींत हें मोजतांना इंजिन चालूं ठेवावें.

शाफ्ट सोडण्यापूर्वीं पुढचीं चाकें सरळ उभीं करून, हातचाक दोरीनें बांधून, हातचाक व शाफ्ट, शाफ्ट व काटा, काटा व बॉक्सचा दांडा या तीन ठिकाणीं पंच मारून किंवा रंगानें खुणा करून घ्याव्या. जुना शाफ्ट नव्याच्या शेजारीं ठेवून लांबी व दांते मोजावे, आणि जुन्याच्या खुणा नव्यावर उतरवाव्या. एवढी दक्षता घेतली, तर वर वर्णन केलेल्या बहुतेक खटाटोपाचें कारणच उरत नाहीं.

शेवटीं एक सूचना. आपण जमिनीच्या वहीवाटीचे कागद जसे जपून ठेवतों, तशी गाडीचीहि एक वही ठेवावी. तींत कामाची तारीख, किलोमीटर, कोणता भाग बदलला, काय काय सोडलें, बॉक्सचे फेरे किती भरले, आणि ढिलाई किती सेंटीमीटर निघाली, एवढीं सहा कलमें लिहावीं व मिस्त्रीची सही घ्यावी. पुढच्या वेळीं दुसरा मिस्त्री असला, ड्रायव्हर बदलला, तरी चूक कोणत्या सांध्यांत शोधावयाची हें त्या पानावरून कळेल. पावसाळा सरून रब्बीच्या भाजीपाल्याचा हंगाम सुरू होण्यापूर्वीं, गाडी असलेल्या प्रत्येक सभासदानें ही तपासणी एकदां करून घ्यावी, अशी विनंति आहे.